गरिबाच्या गिटारीचा कैवार

आपल्या समाजाला माणसांच्या जाती पुरल्या नाहीत म्हणून की काय, आपण वस्तूंनाही जाती लावल्या आहेत. तांब्या-पितळेच्या भांड्यांची पंगत वेगळी, जर्मनच्या भांड्यांची वेगळी. पैठणी कपाटात, सुती लुगडे दांडीवर. वाद्यांच्या दुनियेत तर ही वर्णव्यवस्था इतकी कडक आहे, की कोणाच्या हातात काय आहे ते पाहूनच त्याच्या गळ्यात आणि बोटांत काय असेल याचा निवाडा होतो. वाजवायला सुरुवात होण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो.

या पंगतीत अगदी दाराशी बसवलेले एक पान आहे. त्याचा कैवार घ्यायला मी आज उभा आहे. ते पान म्हणजे स्वस्तातली विजेची गिटार. दहा-बारा हजारांची, गुळगुळीत रंगाची, वाढदिवसाला किंवा दहावीच्या निकालाला बापाने पोटाला चिमटा घेऊन आणलेली आणि सहा महिन्यांत माळ्यावर गेलेली. दिवाळीची झाडलोट करताना पुष्कळ घरांत ती नुकतीच हाताला लागली असेल. तिच्यावरची धूळ झटकून ‘देऊन टाकू या कोणाला तरी’ असेही म्हणून झाले असेल. वाचकहो, थोडे थांबा. देण्यापूर्वी माझे म्हणणे ऐकून घ्या.

मी कोणी गवई नव्हे, वादकही नव्हे. एका लहानशा खाजगी शाळेत मुलांना हस्तव्यवसाय शिकवणारा, रात्री कादंबऱ्या लिहिणारा आणि मॅट्रिकच्या पुढे न गेलेला मास्तर आहे. पण मास्तराला एक अधिकार असतो. एखादे मूल ‘मला येत नाही’ असे म्हणू लागते, तेव्हा ते त्याला कोणी म्हणायला शिकवले याचा शोध घेण्याचा. तो अधिकार मी इथे बजावीत आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. कारण घरातल्या आजीबाईंना वाटते तसा तिच्यात विजेचा राक्षस कोंडलेला नसतो. १८३१ साली मायकेल फॅरेडेने लंडनमध्ये दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकत्व हलले म्हणजे त्या वेटोळ्यात वीज उपजते. शाळेच्या विज्ञानात हा धडा आपण सर्वांनी घोकला आहे. विजेची गिटार म्हणजे तोच धडा, फक्त गाता झालेला. पोलादी तारांच्या खाली एक चुंबक असतो आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. त्याला पिकअप म्हणतात. वरची तार थरथरली, की चुंबकाचे क्षेत्र थरथरते आणि वेढ्यांत इवलीशी वीज उपजते. तिला मोठी करून कर्ण्यातून ऐकवायचे काम ॲम्प्लिफायर करतो. म्हणजे या गिटारीला सतारीसारखा भोपळा नको, की व्हायोलिनसारखे पोकळ पोट नको. एक भक्कम फळी, एक सरळ मान, सहा तारा आणि एक चुंबक एवढा तिचा संसार.

आता तिच्या कुळाची चौकशी करू. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ होता. त्याने अभ्यास केला होता हिशेबनिशीचा, आणि गिटार वाजवायला तो जन्मात शिकला नाही. त्याने १९५० साली भरीव फळीची गिटार बाजारात आणली, आणि १९५४ साली तिची धाकटी बहीण स्ट्रॅटोकास्टर. पूर्वीचे कारागीर गिटारीची मान धडात सरसाने कायमची बसवीत. या रेडिओवाल्याने ती चार स्क्रूंनी आवळली. बिघडली तर काढा, दुसरी लावा, वाजवायला लागा. रेडिओतला व्हॉल्व्ह बदलावा इतका सोपा हिशेब! जुन्या घराण्याच्या गिटारवाल्यांनी त्या फळीची थट्टा केली. त्याच काळातल्या फळ्या आज लाखो रुपयांना विकल्या जातात आणि काचेच्या कपाटात बसतात. कालचा चार स्क्रूंचा पोरगा आज घरंदाज ठरला आहे. त्याच कंपनीने १९८२ पासून स्क्वायर या नावाने स्वतःच्याच गिटारींच्या स्वस्त आवृत्त्या काढल्या. म्हणजे स्वस्त गिटार ही परकी नव्हे, त्याच वंशातली आहे. आणि ज्या वाद्याचा जन्मच ‘उघडा, दुरुस्त करा, बदला’ या तत्त्वावर झाला, त्याला हात लावणे म्हणजे जणू सोवळे मोडणे असे आज मानले जाते. याला काय म्हणावे?

‘पण मास्तर, स्वस्त ती स्वस्तच. काहीतरी कमी असल्याखेरीज का ती स्वस्त असेल?’ असे कोणी विचारील. बरोबर आहे. कमी असतेच. पण काय कमी असते, हे नीट पाहिले पाहिजे. माझा सारा वाद तेवढ्यावरच उभा आहे.

पूर्वी स्वस्त गिटार म्हणजे खरोखरीच रद्दी असे. पडदे चुकीच्या जागी, मान पिळवटलेली. आज लाकूड कापण्याचे काम संगणकाच्या हुकमावर चालणारी यंत्रे करतात. इंडोनेशियात किंवा चीनमध्ये कापलेली मान आज केसाच्या फरकाने नेमकी निघते. गिटारीचे पडदे कुठे बसवावेत हे गणिताने ठरलेले आहे. प्रत्येक पडद्यागणिक तारेची लांबी १.०५९५ ने भागत जायचे. बारावा पडदा बरोबर मध्यावर येतो आणि तिथे तारसप्तकाचा स्वर लागतो. हे गणित यंत्र चुकत नाही, मग गिटार दहा हजारांची असो की दोन लाखांची. मग स्वस्त गिटारीत कमी पडते ते काय? माणसाचे तास! पडद्यांची टोके कानशीने गोल करणारा हात, नटच्या खाचा एकेक करून खोल करणारा डोळा, तार किती उंच असावी हे बोटाने अजमावणारा कारागीर, यांचा वेळ तिच्या किमतीत बसत नाही. यंत्रातून निघाली, तारा चढवल्या, खोक्यात भरली आणि जहाजावर चढवली. लाकडाचा खोटेपणा नव्हे तो. शेवटच्या हाताची उणीव आहे.

ही गोष्ट महाराष्ट्राने तरी इतरांकडून शिकावी असे नाही. आपल्या मिरजेला जाऊन पाहा. तिथले शिकलगार एके काळी हत्यारांना धार लावीत. एकोणिसाव्या शतकात त्याच हातांनी तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या, आणि देशभरचे गवई मिरजेच्या तंबोऱ्यावर गाऊ लागले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तिथला कोणताही जाणता कारागीर तुम्हाला सांगेल, की भोपळा कितीही थोर असो आणि लाकूड कितीही मुरलेले असो, घोडीवरची जवारी लागली नाही तर तंबोरा मुका. जवारी म्हणजे काय? घोडीचा माथा कानशीने आणि पॉलिश पेपराने इतका सूक्ष्म घासायचा, की तार त्याला स्पर्शावी पण अडू नये. तिथे नवे सामान काही लागत नाही. लागतो हात, लागतो कान आणि लागतो वेळ. तंबोऱ्याच्या बाबतीत जे आपण पिढ्यान्‌पिढ्या जाणतो, ते गिटारीच्या बाबतीत का विसरतो? स्वस्त गिटार ही जवारी न लावलेली गिटार आहे. एवढेच!

एक उदाहरण देतो. आमच्या शाळेतल्या नववीतल्या एका मुलाच्या वडिलांनी त्याला नऊ हजारांची गिटार घेऊन दिली. वडील मालवाहू टेंपो चालवतात. नऊ हजार ही त्या घरात लहान रक्कम नव्हे. शहरातल्या एका शिकवणीच्या वर्गात त्याचे नाव घातले. तिसऱ्या आठवड्यात तिथल्या गुरुजींनी गिटार हातात घेतली, दोन तारा छेडल्या आणि सर्वांदेखत निकाल दिला: ‘हे खेळणे आहे. हिच्यावर शिकलास तर कान बिघडेल. चांगली घेऊन ये, मग ये.’ मुलगा घरी आला तो गिटार खोक्यात घालूनच. वडिलांना त्याने खरे कारण सांगितले नाही. ‘मला सूरच कळत नाही,’ असे सांगितले. नऊ हजारांचा अपमान बापाला कळू नये म्हणून पोराने स्वतःच्या कानावर आळ घेतला! मला हे समजले तेव्हा त्या गिटारीपेक्षा त्या वाक्याचा राग आला. ते वाक्य दुरुस्त करायचे तर गिटार दुरुस्त करणे भागच होते.

आम्ही तीन संध्याकाळी बसलो. सामान काय लागले ते सांगतो, म्हणजे यात जादू नाही हे पटेल. तारांचा एक नवा संच, काहीशे रुपयांचा. गिटारीच्या खोक्यातच आलेली ॲलन की. एक स्क्रू-ड्रायव्हर, बारीक कानस, पॉलिश पेपर, पोलादी पट्टी. मोटारसायकलच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणलेला फिलर गेज. ज्याने मिस्त्री टॅपेटमधली फट मोजतो, तोच. आणि मुलाच्याच दप्तरातली शिसपेन्सिल.

पहिल्या संध्याकाळी मान पाहिली. तारांचा ताण मानेला पुढे ओढतो; म्हणून मानेच्या पोटात एक लोखंडी सळई घातलेली असते आणि तिच्या टोकाची चावी फिरवून मान सरळ करता येते. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबली, आणि मधल्या सातव्या-आठव्या पडद्यापाशी फट मोजली. ती पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. इथे पाऊण मिलिमीटर निघाली. चावी पाव फेरा फिरवली, थांबलो, पुन्हा मोजली. घाई केली तर सळई तुटते, म्हणून पाव फेऱ्याच्या पुढे एका वेळी जायचे नाही, हा नियम मुलालाच पाळायला लावला. मग घोडीवरचे बारीक स्क्रू फिरवून तारा खाली घेतल्या. बाराव्या पडद्यापाशी त्या साडेतीन मिलिमीटर उंच होत्या, दोनवर आणल्या. ज्या तारा दाबताना पोराच्या बोटांना वळ उठत होते, त्या आता सहज दबू लागल्या. त्याने माझ्याकडे पाहिले. बोलला काही नाही.

दुसऱ्या संध्याकाळी नट. मानेच्या टोकाशी ज्या पांढऱ्या पट्टीच्या खाचांतून तारा जातात, ती पट्टी म्हणजे नट. खाचा उथळ असल्या, की पहिल्या पडद्यावर तार दाबताना ती फार ताणली जाते आणि स्वर चढा लागतो. गुरुजींच्या कानाला खुपले होते ते हेच. त्यात मुलाचा कान कुठेच गुन्हेगार नव्हता. जुन्या जाड तारेला पॉलिश पेपर गुंडाळून आम्ही खाचा तसूतसूने खोल केल्या. खुंटी पिळताना ‘टक्’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारीत असे. त्याला लोक खुंटीचा दोष समजतात आणि नव्या खुंट्या विकत घेतात. तार खाचेत अडकत होती, दुसरे काही नाही. शिसपेन्सिलीचे टोक खाचेत घासले. ग्रॅफाइट हे उत्तम वंगण आहे. आवाज गेला.

तिसऱ्या संध्याकाळी सूर. बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून निघणारा स्वर आणि तीच तार तिथे दाबून निघणारा स्वर एकच यायला हवा. दाबलेला चढा आला, तर घोडीवरचा तारेचा टेकू मागे सरकवायचा. उतरला, तर पुढे आणायचा. सहा तारा, सहा टेकू, एक स्क्रू-ड्रायव्हर. शेवटी पिकअप थोडे खाली घेतले. कारण चुंबक तारेच्या फार जवळ असला, की तो तिला ओढून धरतो आणि सूर डळमळतो. आवाजाची कळ फिरवताना खरखर येत होती, तिच्यात टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून संपर्क साफ करण्याच्या फवाऱ्याचे दोन थेंब मारून घेतले. झाले. त्या दिवशी त्या मुलाने जे वाजवले ते काही थोर नव्हते, पण ते सुरात होते. आणि ते सुरात आहे हे त्याला स्वतःला कळत होते, जे त्याला कळतच नाही असे त्याने घरी सांगितले होते.

इथपर्यंत ज्यांनी माना डोलावल्या असतील, त्यांच्यापैकी काहींशी आता माझे भांडण सुरू होते. कारण स्वस्त गिटारीचे शत्रू दोन आहेत. एक तिला तुच्छ म्हणणारा, आणि दुसरा तिच्यावर फार माया करणारा. हा दुसरा भेटतो फोनवरच्या चित्रफितींत आणि दुकानाच्या काउंटरवर. त्याच्या तोंडी एकच मंत्र: अपग्रेड. खुंट्या बदला, नट पितळी घाला, घोडी बदला, पिकअप परदेशी आणा, स्विच बदला, तारेची जोडणी नवी करा. पोरे बिचारी वर्षभर पैसे साठवतात आणि सुटे भाग मागवतात. काही पिकअपांचा संच अख्ख्या गिटारीपेक्षा महाग असतो! हे म्हणजे चपलेचा अंगठा तुटला म्हणून चांदीची बक्कल लावण्यासारखे आहे. अंगठा शिवला असता तर चालता आले असते.

मला नवा भाग वर्ज्य नाही. वर्ज्य आहे तो क्रम उलटा करणे. ज्या गिटारीची मान वाकलेली, तारा गंजलेल्या आणि नट उथळ आहे, तिला जगातले सर्वोत्तम पिकअप घातले तर काय होईल? बेसूरपणा अधिक स्वच्छ ऐकू येईल. आधी तारा, मग मान, मग नट, मग घोडी, मग पिकअपची उंची. यांपैकी तारा सोडल्या तर कशालाच फारसे पैसे पडत नाहीत. म्हणूनच विकणारा यांच्याविषयी बोलत नाही. ज्यात नफा नाही ते ज्ञान बाजारात गप्प बसते.

आणि भाग बदलायचाच, तर समजून बदला. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमधून घूं असा गुंजारव येतो. तो आपल्या घरातल्या विजेचा, सेकंदाला पन्नास आवर्तनांचा सूर असतो. अमेरिकेत गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर नावाच्या अभियंत्याने १९५५ मध्ये यावर तोड काढली. दोन वेटोळी उलट वेढ्यांची आणि उलट चुंबकांची शेजारी ठेवली, की बाहेरचा गुंजारव एकमेकांना मारतो आणि तारेचा आवाज मात्र जोडला जातो. हे कळले म्हणजे मुलगा दुकानदाराला प्रश्न विचारू शकतो. गिटारीच्या पोटात तांब्याचा पत्रा चिकटवला की सारा गुंजारव जाईल, असे कोणी सांगितले तर त्याला उत्तर देता येते: पत्रा गिटारीच्या अर्थिंगला जोडला तर काही खरखर जाते, पण जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकत्व तांब्याच्या पत्र्याला जुमानत नाही. एकेरी पिकअपला साधारण २५० किलोओहमची कळ शोभते, दुहेरीला ५०० ची. ही कळ पिकअपच्या मानाने फार स्वस्त असते, आणि जोडी चुकली तर महाग पिकअपही बोथट किंवा कर्कश वाटू लागतो. तसेच त्या जुन्या धाटणीच्या, शेकडो रुपयांच्या कपॅसिटरचे. ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काही रुपयांना मिळतो आणि त्याच मापाच्या महागड्या भावाचेच काम करतो. बढती द्यायची तर आधी कानाला द्या, मग हाताला, आणि सर्वांत शेवटी गिटारीला.

कोणी म्हणेल, मास्तर प्रत्येक लाकडाच्या तुकड्याला तानपुरा ठरवायला निघाले आहेत. नाही. टाकून द्यावी अशी गिटारही असते. मान पिळवटलेली असेल, म्हणजे टोकाकडून डोळा लावून पाहिल्यास एक कड वर आणि एक खाली दिसत असेल. सळईची चावी फिरत नसेल किंवा फिरूनही मान हलत नसेल. घोडीचे टेकू शेवटपर्यंत सरकवूनही बारावा पडदा जुळत नसेल. तर ती गिटार घेऊ नका, आणि घेतली असेल तर परत करा. पण हा निर्णय मोजून करा, किमतीचे लेबल वाचून नव्हे. आजाऱ्याची नाडी न पाहता त्याचे कपडे पाहून रोग सांगणारा वैद्य आपण सहन करू का?

‘अशा फाटक्या गिटारीवर कोण मोठा झाला?’ याही प्रश्नाला उत्तर आहे. इंग्लंडमध्ये १९६३ साली ब्रायन मे नावाच्या मुलाला फेंडरची गिटार परवडत नव्हती. त्याने आणि त्याचे वडील हॅरोल्ड यांनी घरीच गिटार करायला घेतली. मान केली जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीची. तिला लागलेल्या किडीची भोके काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवली. कंपनाच्या दांड्याला मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा लावल्या, आणि मानेवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे. पुढे क्वीन या वाद्यवृंदात हीच गिटार त्याने आयुष्यभर वाजवली. त्याच वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे मूळचा फारुख बलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. २००२ साली राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या छपरावर उभे राहून मे यांनी राष्ट्रगीत वाजवले, तेही याच शेकोटीच्या लाकडावर. अमेरिकेत एडी व्हॅन हेलनने सुमारे पन्नास डॉलरचे टाकाऊ धड आणि ऐंशी डॉलरची मान जोडली, दुसऱ्या गिटारीतला पिकअप काढून तो किंचाळू नये म्हणून मेणात बुडवला आणि या धडात बसवला. १९७८ साली त्याची पहिली तबकडी आली आणि विजेच्या गिटारीची भाषाच बदलली. ती रंगीबेरंगी पट्ट्यांची गोधडी २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या प्रदर्शनात मानाने मांडली होती. आणि आपल्याकडे विश्वमोहन भट्टांनी गिटारीला तरफा आणि चिकारी चढवून तिची मोहन वीणा केली. त्या वाद्यावरच्या वादनाला १९९४ साली ग्रॅमी मिळाले. या माणसांनी वाद्य घेतले तसे ठेवले नाही. आणि बदलले ते कोणी विकले म्हणून नव्हे, त्यांना काहीतरी ऐकू येत होते म्हणून.

प्रत्येक मुलगा काही ब्रायन मे होणार नाही. व्हायलाही नको. माझी तक्रार वेगळीच आहे. ज्याने एकदा स्वतःच्या हाताने पाव मिलिमीटर मोजला, त्याला ‘जवळपास’ आणि ‘बरोबर’ यांतला फरक आयुष्यभर कळतो. ज्याने वस्तूचे पोट उघडून पाहिले, त्याला कोणी ‘हे टाकून द्या, नवे घ्या’ म्हटले तर तो ‘का?’ असे विचारतो. आणि ज्याच्या दारिद्र्याला कोणी नालायकी म्हणून नाव ठेवले, त्याला ती दोन निरनिराळी आहेत हे दाखवणारा पुरावा हातात मिळतो. हे शिक्षण आम्ही शाळेत देत नाही. हस्तव्यवसायाचा तास आला, की तो गणिताला दिला जातो. मी पंधरा वर्षे हे पाहतो आहे. घरीही तेच. मुलाने स्क्रू-ड्रायव्हर उचलला की आई ओरडते, ‘ठेव ते, मोडशील!’ चार दिवस मातीत हात घालून तोच मुलगा अंगणात किल्ला बांधतो, त्याचे मात्र कौतुक होते. किल्ला मोडला तरी चालतो ना? मग शिकताना एक नट मोडला तर काय आभाळ कोसळते? नट बदलून मिळतो.

एक इशारा मात्र आई-बापांसाठी. गिटार उघडायला भिऊ नका. साध्या गिटारीच्या पोटात घरातली वीज नसते. पण ॲम्प्लिफायर मुलाला उघडू देऊ नका. त्यातल्या काही जातींत प्लग काढल्यानंतरही धोक्याइतका विद्युतभार साठून राहतो. आणि गिटारीच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात; म्हणून घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. परदेशी पिकअपच्या आधी हा खर्च करा. ही पहिली बढती.

परवाच खंडेनवमी झाली. आपण घरातली हत्यारे पुसली, हातोडी, पान्हे, कानस पाटावर मांडली, त्यांना हळदकुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले. आणि संध्याकाळी पुन्हा डब्यात भरून डबा पोरांच्या हाती लागू नये अशा उंच फळीवर ठेवला. ज्याची पूजा करतो ते मुलाच्या हातात द्यायला भितो, असे लोक आहोत आपण. या सुट्टीत एवढेच करा: तो डबा खाली काढा, माळ्यावरची गिटार खाली काढा, आणि दोन्ही एकाच सतरंजीवर ठेवून मुलाला म्हणा, ‘बस, बघू या हिला काय झाले आहे ते.’ खुंट्या परदेशी नसल्या तरी चालतील.